समेची जागा

वाघमोडे सरांच्या शोकसभेत त्यांचा तो व्हिडिओ लावला, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. शेजारच्या चव्हाण मॅडमना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी माझ्या हातात रुमाल कोंबला. रडू नव्हतं ते, लाज होती. माझी एकटीची असती तर गिळून टाकली असती. पण ती सरांची होती, आणि झाकायला सर आता नव्हते.

तेरच्या आमच्या हायस्कुलात सरांनी उभी हयात गाणं शिकवलं. मी तिथंच हिंदी शिकवते. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, “आपल्या सरांनी फ्रेंच कवितेला शास्त्रीय संगीतात चाल लावली, आणि ती ऐकून साक्षात फ्रान्सची बाई ढसाढसा रडली! हा मान जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळालाय का?” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढंही भान कुणाला राहिलं नाही. मग पडद्यावर सर आले. डोक्याला गुलाबी फेटा, मांडीखाली काळी घोंगडी, मागं झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघणाऱ्यानंही हसावं. सगळे हसले. मी खाली बघत राहिले.

ही गोष्ट तेरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे. ती सभेत उठून सांगण्यासारखी नव्हती.

सर मूळचे परंडा तालुक्यातले, सोनारीच्या बाजूचे. घर मेंढपाळाचं. वडील कळपामागं रानोमाळ हिंडले आणि हा मुलगा बार्शीला एका गुरुजींकडे गाणं शिकला, परीक्षा देत देत आमच्या शाळेत चिकटला. दिसायला उंच, हाडापेरानं दणकट, मिशा अशा की गवयापेक्षा तालमीचा वस्ताद शोभावा. आवाज मात्र लोण्यासारखा. आणि गर्व? तो ते लपवायचेही नाहीत. नवा शिक्षक रुजू झाला की सर त्याला स्वतःची ओळख करून द्यायचे, “तेरमधी गाणारी दोनच. एक म्या, आन दुसरी ही तेरणा नदी. ती बी उन्हाळ्यात बंद पडती.”

कुठंही गायला बसले की गादी-तक्के बाजूला सारायचे आणि वडिलांची घोंगडी अंथरायचे. आयोजकांना ते अपमानाचं वाटायचं. सर म्हणायचे, “हिच्यावर बसलं की खोटं गाता येत न्हाय. टोचती.” खरोखरच टोचायची. एकदा तंबोऱ्याच्या पेटीचं बटण दाबायला मी शेजारी बसले होते, तर आठवडाभर पोटऱ्या खाजवत होते.

एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले. स्वागतगीत सुरू झालं आणि साहेबांचा फोन वाजला. साहेब तिथंच, व्यासपीठावर, मोठ्यानं बोलायला लागले. सरांनी हात वर करून गाणं मधेच थांबवलं. पोरी तोंड उघडं ठेवून उभ्या. मंडपात चिडीचूप. साहेबांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. त्यांनी फोन खाली घेऊन विचारलं, “काय झालं, का थांबलात?” सर शांतपणे म्हणाले, “सायबांचं होऊ द्या. दोन गाणी एका टायमाला न्हाय चालत.” मुख्याध्यापकांना घाम फुटला. साहेब मात्र हसले, फोन बंद केला आणि सरांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. असा माणूस. कुणापुढं मान तुकवणं त्यांच्या मानेलाच ठाऊक नव्हतं. म्हणून पुढं ती मान झुकलेली पाहिली, ते मला सोसलं नाही.

आमचं भांडण झालं ते अर्थावरून. सरांच्या वर्गातल्या दोघी-तिघी माझ्याकडे आल्या. “मॅडम, ही बंदिश ब्रजमधी हाय, हिचा अर्थ सांगा ना.” मी सांगितला. बांगडी मुरगळली म्हणून गोपी कृष्णाला रागे भरतेय, असं काहीबाही होतं. दुसऱ्या दिवशी सर शिक्षकांच्या खोलीत तणतणत आले.

“मॅडम, तुमी माझ्या पोरी नासवल्या.”

“मी काय केलं?”

“बांगडी म्हणलं की हाताकडं बघायल्यात! चेहरे करायल्यात! सूर गेला कुठल्या कुठं.” पाणी प्यायले, मग खुर्ची ओढून बसले. “आमचे गुरुजी सांगायचे, बंदिश आधी गळ्यात बसू द्यायची. अर्थ मागनं आला तर येऊ द्यायचा. अर्थ आधी कळला की गळा लबाडी करतोय.”

“म्हणजे न समजता गायचं?”

“माझा बाप माळावर हाळी द्यायचा. तिच्यात शब्द न्हवता, काय न्हवतं. सगळा कळप वळायचा. मेंढराला नाव नसतंय मॅडम, त्याला सूर कळतोय.”

“आम्ही काय मेंढरं आहोत का, सर?”

“तिथंच तर सगळं बिघडलंय,” म्हणाले आणि तासाला निघून गेले.

आज हसू येतं. पण सरांचं सगळं पुढचं दुःख याच एका शिकवणीतून निघालं.

ती फ्रान्सची बाई, क्लेर, आमच्या गावात आली ती जुन्या मण्यांसाठी. तेरच्या मातीत काय काय सापडतं ते आम्हाला सवयीचं झालंय. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, नांगर लागला की खापर, मणी, शिक्का काहीतरी वर येतंच. क्लेर ते मणी भिंगातून बघायची आणि त्यांची चित्रं काढायची. दोन-तीन हिवाळे ती आमच्या वरच्या खोलीत राहिली. चाळिशीची, सडपातळ, भाकरीवर जीव. सर शेजारीच राहायचे, त्यांचा रियाज आमच्या घरात ऐकू यायचा. पहाटे तो सुरू झाला की ती जिन्यात येऊन बसायची, शाल गुंडाळून. एकदा तिनं मला विचारलं, “हे गृहस्थ दुसऱ्या भाषेतली कविता गातील का?”

कविता तिच्या आईची होती. आई गावातल्या शाळेत शिक्षिका होती, आता थकलेली. छापलेलं काही नाही. लिहिलेल्या थोड्या कवितांपैकी ही एक, आणि आईचा हट्ट असा की ही वाचायची नाही, गायची. तिकडे एका पियानोवाल्यानं चाल लावून दिली होती, ती आईला पसंत पडली नाही. “ती म्हणते, तो फार हुशार आहे,” क्लेर म्हणाली. आई ऐंशी ओलांडून गेलेली. ती असेतो कुणीतरी ही गावी, एवढंच क्लेरच्या मनात होतं.

मी दोघांना समोरासमोर बसवलं. इंग्रजी-मराठीचा पूल मीच. क्लेर म्हणाली, “आधी मी अर्थ सांगते.”

सरांनी दोन्ही हात वर केले. “अर्थ नगं. त्यांला सांगा मॅडम, निस्तं वाचून दाखवा. चार येळा, धा येळा. बाकीचं म्या बघतो.”

मी समजावून पाहिलं. सर ऐकेनात. क्लेरनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला त्यात काहीतरी आवडलं असावं. हुशार माणसाचा आईला कंटाळा होताच. तिनं कविता वाचली, आणि सरांनी ती फोनमध्ये घेतली.

पुढचा महिनाभर सर कानात ती पांढरी बोंडं घालून हिंडले. शाळेच्या विहिरीजवळच्या लिंबाखाली बसून ओठ हलवायचे. पहिली ओळ आमच्या सगळ्यांच्या तोंडी बसली, “दोर, मों पती, सां नों.” त्यातला ‘र’ घशातून काढायचा असतो. तो काढता काढता सरांना ठसका लागायचा आणि शिपाई पाणी घेऊन धावायचा. “आयुष्यभर पोरांला म्हणलं, नाकात गाऊ नगा,” सर सांगायचे, “आन ही भाषा तर नाकातच संसार थाटून बसलीय!” पण एक गोष्ट त्यांनी ताडली. ते म्हणाले, “ह्या बोलीचं वजन शेवटाला हाय, मॅडम. आधीचं समदं हलकं हलकं चालत येतंय आन शेवटाला पाय टेकतंय. मंजी सम ‘नों’वर पडनार. दुसरीकडं पडूच शकत न्हाय.” सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा कितीही हिंडून आला तरी तिथं येऊन टेकतो आणि ऐकणाऱ्याची मान आपसूक हलते, ती जागा. क्लेरला मी हे सांगितलं तेव्हा ती चकित झाली. “बरोबर आहे. आई वाचते तेव्हा त्याच शब्दावर थांबते,” म्हणाली. शब्दाचा अर्थ तिनं सांगितला नाही. सरांची अट होती ना.

राग घेतला हंसध्वनी, हसऱ्या चेहऱ्याचा, ताल जलद तीनताल. का, तर सरांना ती कविता अंगाईसारखी ऐकू आली. क्लेरच्या वाचण्यात एक झोका होता खरा. “लेकराचं गाणं हाय हे,” सर छाती ठोकून म्हणाले. “आपला कान फसत न्हाय.” त्यांचा कान फसला नव्हताच, हीच तर कमाल. लेकराचंच गाणं होतं ते.

आणि नेमकी त्याच सुमारास सरांना नात झाली.

बारसं सरांच्या घरापुढच्या अंगणात. अख्खं गाव. बायकांनी बाळ पाळण्याखालून-वरून घेतलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, आत्याच्या पाठीत धपाटे पडले. दुर्वा नाव ठेवलं. मग सर घोंगडीवर बसले. पेटीवर स्वतः, तबल्याला बार्शीचा गुरुबंधू. क्लेर माझ्या शेजारी, माझीच साडी नेसून. सरांनी तिला चाल आधी ऐकवली नव्हती. तिला चकित करायचं होतं.

“दोर, मों पती...” सुरू झालं. ‘पती’ ऐकून बायकांत खुसखुस झाली, नवऱ्याचं काहीतरी दिसतंय म्हणून. चाल गोड होती, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या आवर्तनाला सरांना उत्साह आला. समेवर येताना त्यांनी पाळण्याकडे हात केला. बायका हुशार. त्यांनी बरोबर समेवर ‘नों’च्या जागी गजर केला, “दुर्वा!” सर खुलले. मग प्रत्येक समेला तेच. सर झुलवत झुलवत आणायचे, हात करायचे, आणि अंगण ओरडायचं, “दुर्वा!” पोरं ताटल्या वाजवायला लागली.

क्लेर रडत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. बायकांनी ते पाहिलं आणि एकमेकींना दाखवलं. सरांनी गाता गाता पाहिलं आणि एक तान जास्तीची घेतली.

तिथून पुढं सरांचे पाय जमिनीवर नव्हते. एसटी स्टँडवर, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीत, जिथं तिथं एकच गोष्ट. “म्या सम घेतली, तशी बाईच्या डोळ्याला धार लागली. अर्थ न कळता! कळ्ळं का? मला अर्थ ठाव न्हाय, आन तिला सूर ठाव न्हाय. तरी पोचलं.” क्लेर चार दिवसांनी तिच्या देशी परत गेली. निघताना सरांच्या पाया पडली, काही बोलली नाही. सरांनी तेही गोष्टीत जोडलं.

व्हिडिओ सरांच्या मुलानं काढला होता. सर एक दिवस माझ्याकडे आले. “मॅडम, त्या म्हातारीचा नंबर हाय ना तुमच्याजवळ?” होता. क्लेरचा फोन बिघडला तेव्हा माझ्या फोनवरून ती आईशी बोलायची. “लेकीच्या मार्फत कशाला, थेट आईलाच धाडू. जिती हाय तवर ऐकू दे.” मलाही त्यात वावगं दिसलं नाही. व्हिडिओ गेला. गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तर तो आधीच फिरत होता.

क्लेरचा फोन मला आठवड्यानं आला. आवाज जपून. “आईनं विचारलंय, त्या सगळ्या बायका शेवटी एक शब्द ओरडतात, तो काय आहे?”

मी हौसेनं सांगितलं. बारशाचा विधी, बाळाचं नाव, दुर्वा म्हणजे गणपतीला वाहतात ते कोवळं गवत.  मग क्लेरनं मला त्या ओळीचा अर्थ सांगितला.

झोप, माझ्या बिननावाच्या बाळा.

क्लेरच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आधीच ती गेली. घरच्यांनी तिच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं आणि कुणी बोललंही नाही. पुष्कळ वर्षांनी आईनं ही कविता लिहिली. ‘नों’ म्हणजे नाव. जे तिला नव्हतं ते.

“तू त्या दिवशी का बोलली नाहीस?” मी विचारलं.

“पाळण्याच्या घरात? कशी बोलणार?” क्लेर म्हणाली.

“आई काय म्हणाली?”

“काही नाही. ते नाव परत परत म्हणून बघते. दुर्वा, दुर्वा. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, मला कळत नाही. मी विचारलं नाही.”

सरांना सांगायला मी गेले तेव्हा ते घोंगडी उन्हात घालून काठीनं झटकत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसून सांगायचा धीर नव्हता. काठी थांबली.

“परत म्हणा.”

मी परत म्हटलं.

“बिननावाच्या,” सर म्हणाले. मग खाली अंगणातच बसले, फरशीवर. बोलले ते मेंढरांचं. “एखाद्या मेंढीचं पिल्लू मेलं, तर आमच्यात दुसरीचं पिल्लू तिला लावत्यात. दूध वाया जाऊ नाही म्हणून. मेंढी हुंगून बघती. आपलं न्हाय म्हणून लाथ मारती. तरी धरून लावत्यात.” त्यांनी काठी बाजूला ठेवली. “म्या तेच केलं, मॅडम. तिच्या मेल्या लेकराच्या जागी माझी नात लावली. आन वर ताटल्या वाजवल्या.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, सर.”

“बाई सांगत व्हती की! म्या हात वर केले. तुमीच व्हता ना तिथं?”



घोंगडी त्यांनी घडी घालून आत ठेवली. त्यानंतर कुठंही गायला बसले तर सतरंजीवर, नाहीतर उघड्या जमिनीवर.

मग सुरू झालं ते बघवत नव्हतं. ज्या माणसानं साहेबापुढं गाणं थांबवलं, तो दारोदार फिरून लोकांना विनवायला लागला, “तेवढा व्हिडिओ काढून टाका.” का, ते सांगायचे नाहीत. कसं सांगणार? त्या म्हातारीचं झाकलेलं दुःख चव्हाट्यावर मांडल्यासारखं झालं असतं. लोकांना वाटलं, सर मोठे झाले आणि नम्रही झाले. न्हावी म्हणाला, “सर, एवढं लाजू नका, आमाला अभिमान हाय.” पोरांनी हौसेनं तो पुन्हा स्टेटसला लावला. जन्मात ज्याला कुणी विनयशील म्हटलं नव्हतं, त्याच्या विनयाचं कौतुक गावभर झालं, ते नेमकं तो लाजेनं मरत असताना. स्टँडवर कुणी म्हणालं, “सर, ती फ्रान्सची बाई रडली व्हती ना?” की सर चपलांकडे बघत म्हणायचे, “डोळ्यात काय तरी गेलं असंल तिच्या.”

निवृत्त झाल्यावर ते सोनारीजवळच्या आपल्या गावी गेले. जाताना म्हणाले, “नवी चाल लावतो. म्हातारीला खरी ऐकवायची. मग सुटलो.” एवढं एकच त्यांना आता हवं होतं. दर पंधरा-वीस दिवसांनी फोन यायचा. “मॅडम, ऐका.” जोगिया ऐकवला. तोडी ऐकवली. सगळे करुण राग. विलंबित लय, कापरा आवाज. ऐकताना मला भरून यायचं. मी म्हणायचे, “छान झालंय सर, पाठवूया.”

“छान म्हणू नगा. खोटं हाय.” फोनवर त्यांचा श्वास ऐकू यायचा. “आता अर्थ कळला. आता गळा लबाडी करतोय. गुरुजी म्हणले तसंच झालं. न कळता गायलो तवा पाप झालं, आन कळून गातोय तर नाटक व्हतंय.” आणि ठेवताना दर वेळी, “म्हातारी कशी हाय?”

म्हातारी खंगत चालली होती. क्लेरचे निरोप आखूड व्हायला लागले. मी सरांना घाई करायचे. एकदा चिडूनही बोलले, “सर, तुमच्या सच्चेपणापायी ती ऐकल्याशिवाय जायची.”  एका हिवाळ्यात तसंच झालं. मी फोन करून सांगितलं. सर “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

महिन्याभरानं त्यांचाच फोन. “सोनारीला दर्शनाला या, आन आमच्याकडं भाकरी खाऊन जा.” मी आणि आमचे हे काळभैरवाचं दर्शन घेऊन दुपारी त्यांच्या घरी गेलो. वाघमोडे वहिनींनी शेंगदाण्याची चटणी, धपाटे, दही असं भरपूर केलं होतं. सर वाळले होते. मिशा तेवढ्या उरल्या होत्या. जेवणं झाल्यावर मला म्हणाले, “मॅडम, फोन बाहेर ठिवून या.” मी ओसरीवर ठेवून आले.

सर उघड्या फरशीवर बसले. पेटी नाही, तबला नाही. गुडघ्यावर बोटांनी ताल. चार वर्षांची दुर्वा खुंटीवरची घोंगडी ओढून तिच्यावर ऐसपैस बसली. तिला टोचत नव्हती बहुतेक.

“राग तोच हाय,” सर म्हणाले. “हंसध्वनी. रागाची चूक न्हवती.” मग थोडं थांबून, “म्हातारी गेल्यावर कळ्ळं. इतके दिवस म्या गात न्हवतो, मॅडम. माफी मागत व्हतो. आता माफ करणारं कुणी ऱ्हायलं न्हाय. मग गळ्यानं तरी लबाडी कुणासाठी करावी?”

त्यांनी सुरू केलं. “दोर, मों पती, सां...” तीच ओळ, तेच स्वर, पण एक एक पाऊल बघून टाकल्यासारखे. रडवेपणा कुठंच नव्हता. सर समेकडे येत होते. माझी मान हलायला तयार झाली. आणि समेवर काहीच आलं नाही. बोट गुडघ्यावर टेकलं, मात्रा पडली, सर गप्प. ‘नों’ गाळलं होतं. माझी मान तशीच अधांतरी राहिली. पुढची ओळ पुन्हा तिथंच घेऊन आली, पुन्हा ती जागा उघडी. इतक्या वर्षांत सरांचं गाणं मी पुष्कळ ऐकलं, पण गाणं ऐकताना मला अशी लाज कधी वाटली नव्हती. आम्ही सगळे त्या जागेवर ओरडलो होतो. मीही ओरडले होते.

तिसऱ्यांदा सर समेवर आले, बोट टेकलं, आणि दुर्वानं दोन्ही हात वर करून ठणठणीत आवाजात म्हटलं, “दुर्वा!”

तिचं बरोबरच होतं. व्हिडिओ बघत बघत ती मोठी झालेली. ते तिचंच गाणं होतं, तिला घरात सगळ्यांनी तसंच सांगितलेलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. आमचे हे हसले.

सरांचं बोट गुडघ्यावरच होतं. ते उचलून त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. मान खाली गेली होती, तिच्याकडे बघायलाही वर आली नाही.

“तिथं न्हाय बोलायचं, बाळा,” सर म्हणाले. “ती जागा दुसरीची हाय.”